गोधडीचं पोट

“कपडे कोण धुवायचं?”

डॉक्टरनं हे इतक्या सहज विचारलं, की हेमलताला आधी वाटलं, प्रश्न आपल्यालाच आहे. बाळाच्या लंगोटांबद्दल असेल. कडेवरची रसिका टेबलावरच्या पेपरवेटकडे झेपावत होती आणि तिला आवरण्यात हेमलताचं निम्मं लक्ष गेलं होतं. पण डॉक्टर बघत होता तो तिच्या सासूकडे. त्याआधी त्यानं विचारलं होतं, आजी, कामाला कुठं होतात? त्यावर आवडाबाई हसल्या होत्या. “कामाला? मी कुटं जाते कामाला? घरातच व्हते मी.” मग मालक कुठं होते, असं त्यानं विचारलं. आवडाबाईंनी कंपनीचं नाव सांगितलं, आणि ते सांगताना नेहमीसारखी त्यांची मान जराशी उंच झाली. डॉक्टरचं लिहिणारं पेन थांबलं. “त्यांचे कामावरचे कपडे कोण धुवायचं?” “मीच. आजून कोन? त्यांची काय दुसरी बायको हाय का?” डॉक्टर हसला नाही. त्यानं केसपेपरवर एक ओळ लिहिली आणि हेमलतानं ती उलट्या बाजूनं वाचली. इंग्रजीतली छोटी ओळ. नवरा ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात, धुणं घरी. इतकी वर्षं त्या घरात काय चाललं होतं ते एका ओळीत मावलं, याचंच तिला आधी आश्चर्य वाटलं. भीती नंतर आली.

सासरे, गोपीनाथ मढवी, तेव्हा खाली एक्स-रेच्या खिडकीपाशी रांगेत उभे होते. म्हणून त्यांनी हे काही ऐकलं नाही. जिना उतरताना मधल्या वळणावर आवडाबाई थांबल्या. त्यांना हल्ली सात पायऱ्यांना एकदा थांबावं लागे. छातीच्या उजव्या अंगाला पाणी झालं होतं आणि गणपतीनंतर दोनदा सुईनं काढूनही ते पुन्हा भरत होतं. कठड्याला धरून, तोंड उघडं ठेवून, त्यांनी चार श्वास गोळा केले आणि म्हणाल्या, “हेमे, ह्यांना नको सांगू.”

“काय नको सांगू, आई?”

“कपऱ्यांचं इचारलं, ता.”

हेमलता बघतच राहिली. बी.एस्सी. झालेली ती; तिच्या डोक्यात अजून त्या ओळीतले शब्द एकमेकांना चिकटत होते. आणि अंगठा उठवणारी ही बाई सारं समजून, त्यातनं कोणाला वाचवायचं तेही ठरवून मोकळी झाली होती. “पण आई, डॉक्टरांनी अजून काही...” “मना समजतं. तुमी शिकलेल्याच शान्या का?” खालून सासरे हातातला पिवळा लखोटा उंचावून दाखवत होते, रांग जिंकल्यासारखे. आवडाबाईंनी पदर सारखा केला आणि उरलेल्या पायऱ्या न थांबता उतरल्या.

त्या दिवसापासून हेमलताला कॉलेजातली जाळी आठवू लागली. कल्याणच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तारेची चौकोनी जाळी असायची, तिच्या मधोमध ॲस्बेस्टॉसची पांढरी गोल टिकली. खाली बर्नर, वर बीकर. टिकलीचे कडेनं पोपडे निघत. टायट्रेशनचा रंग बदलायची वाट बघताना हेमलता तो पोपडा नखानं सोलत बसायची; खाली पांढरा भुगा पडला की फुंकर मारून टेबल साफ करायची. जर्नलमध्ये तिनं त्या जाळीची आकृती काढली होती, बाण काढून नाव लिहिलं होतं आणि दहापैकी नऊ मार्क मिळवले होते. म्हणजे तो शब्द तिला येत होता. स्पेलिंगसकट येत होता. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, मुलगा वीज मंडळात आहे, सासरे ॲस्बेस्टॉसच्या कंपनीतनं रिटायर, घर स्वतःचं. आणि तिनं त्यातलं ‘घर स्वतःचं’ एवढंच ऐकलं होतं. शिकलेल्या माणसाला शब्द येतो आणि त्याच्यापुढे काहीच येत नाही, असं असतं का? त्या दिवशी परतताना रिक्षात ती रसिकाचा वास घेत बसली. तेलाचा, दुधाचा, थोडासा गोधडीचा.

घर डोंबिवली पूर्वेच्या जुन्या आगरी गावात. आता चारी बाजूंनी चारमजली इमारती आल्या होत्या आणि गाव मधल्या खळग्यात राहिल्यासारखं झालं होतं. पण मढव्यांच्या घराला अजून ओटा होता, ओट्याला शहाबादी फरशी होती, आणि दुपारी दोन ते चार समोरच्या दोन इमारतींच्या फटीतनं उन्हाची एक पट्टी बरोबर त्या फरशीवर पडायची. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात आवडाबाईंनी याच पट्टीकडे बोट दाखवून तिला गोष्ट सांगितली होती. तेव्हा इमारती नव्हत्या, ऊन सगळ्या ओट्यावर असायचं. गोपीनाथ पहिल्या पाळीहून चार वाजता यायचे. कंपनीची बस फाट्यावर सोडायची आणि तिथनं ते गावातनं चालत यायचे. डोक्यापासून बुटापर्यंत पांढरे. केस, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं. धागा पिंजायच्या खात्यात होते ते. “मी म्हनायची, आला गो, आला माजा गिरनीवाला!” सांगताना आवडाबाई टाळी द्यायला हात पुढे करायच्या. चार वर्षांचा प्रभाकर धावत जाऊन बापाच्या पायाला मिठी मारायचा आणि त्याच्या गालावर पांढरा पट्टा उमटायचा. मग आवडाबाई खाकी शर्ट दोन्ही हातांनी धरून, ओट्याच्या कडेला उभ्या राहून, फाट् फाट् झटकायच्या. उन्हात ते सगळं चमकत चमकत खाली यायचं. आळीतली पोरं त्यात हात वर करून नाचायची. “सिनेमात बरफ परतो ना, तसा.”

हसत सांगितलेली गोष्ट. हेमलताही तेव्हा हसली होती. आता ती गोष्ट तिला पुन्हा पुन्हा ऐकू यायची आणि दर वेळी त्यातनं एकेक तपशील बाहेर पडायचा, पिशवीतनं सुया पडाव्यात तसा. पांढऱ्या रंगाची भीती या घराला कधी नव्हतीच. आवडाबाईंचं माहेर खाडीकाठचं, बाप मिठागरावर. संध्याकाळी आई-बाप अंगावर मीठ घेऊन घरी यायचे, दाराशी लुगडं-धोतर झटकायचे. पांढरं म्हणजे मीठ, आणि मीठ म्हणजे भात. फरशीवर सांडलं तर झाडूनं लोटायचं नाही, पाय तर लावायचाच नाही. सांडलेलं मीठ मेल्यावर देव पापण्यांनी उचलायला लावतो. म्हणून तळहातानं गोळा करायचं. कंपनीचं पांढरं काही मीठ नव्हतं, हे आवडाबाईंना कळत होतंच. पण हाताला कुठं कळत होतं? शर्ट झटकून झाला की त्या खाली बसून, तळहात फिरवून, ओट्यावरचं ते सारं पांढरं गोळा करायच्या आणि पपईच्या बुंध्याशी नेऊन टाकायच्या. नवऱ्याच्या कामाचं होतं. झाडूनं कसं लोटणार? वीस वर्षं. रोज. रविवार सोडून.

पाण्याचा पक्का रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले. त्या वेळी हेमलता मुद्दाम एकटीच गेली, रसिकाला शेजारच्या रंभाकाकूंकडे ठेवून. मेसोथेलियोमा, डॉक्टर म्हणाला. फुप्फुसाच्या बाहेरच्या पापुद्र्याचा कॅन्सर. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. तंतू इतके बारीक असतात की गिळलेले, श्वासाबरोबर गेलेले कळत नाहीत. आत जाऊन बसतात. तीस वर्षांनी, चाळीस वर्षांनीसुद्धा हे येतं. सगळ्यांना येत नाही. कोणाला येईल ते सांगता येत नाही. “आणि सासरे?” “त्यांचाही एक्स-रे काढू. पण असं होतं कधीकधी. कामाला जाणारा बरा असतो, घरातली बाई जाते.” तो वाईट माणूस नव्हता. बोलताना त्यानं पंख्याचा वेग कमी केला, तिच्या हातातला कागद उडू नये म्हणून. किती महिने, हे तिनं विचारलं आणि त्यानं सांगितलं. मग तिनं विचारायला हवा होता तो प्रश्न तिच्याकडून विचारलाच गेला नाही. अकरा महिन्यांचं मूल अधिक चाळीस वर्षं म्हणजे काय, एवढाच तो प्रश्न होता, आणि ते गणित तिला बाहेर पायरीवर बसून करावं लागलं. दोन हजार छत्तीस, सदतीस. आपण तेव्हा असू का? असलो तर सदुसष्ट. रसिका खोकते आहे, हे आपल्याला ऐकू तरी येईल का?

कारण गोधडी होती. नव्या जिवाला नवं कापड लावायचं नाही, हा घरचा रिवाज. नवं टोचतं, नव्याला नजर लागते. वापरून मऊ झालेलं, माणसाच्या अंगाचं कापड हवं. रसिका पोटात होती तेव्हा सातव्या महिन्यापासून आवडाबाई ओट्यावर बसून छोटी गोधडी शिवत होत्या. वर त्यांचं स्वतःचं हिरवं लुगडं, खाली सासऱ्यांचं धोतर. पण गोधडीला पोट लागतं. वरच्या-खालच्या कापडाच्या मध्ये घालायचे थर. ते दिसत नाहीत म्हणून तिथं काहीही चालतं. आवडाबाईंनी माळ्यावरनं एक गाठोडं काढलं होतं. त्यात कंपनीत तो धागा भरून यायचा त्या रिकाम्या पिशव्यांचं कापड होतं. सुटताना कामगार त्या घेऊन यायचे, कोणी अडवायचं नाही. पावसात डोक्यावर घ्यायला, भात भरायला, पाय पुसायला. “बघ, किती मऊ,” म्हणून आवडाबाईंनी ते कापड हेमलताच्या गालाला लावलं होतं. खरंच मऊ होतं. टाक्यांच्या रांगा घालताना सुई आत-बाहेर जायची आणि उन्हाच्या पट्टीत काहीतरी बारीक, चमकतं तरंगायचं. हेमलता शेजारी बसून दोरा ओवून देत होती. पोटातली रसिका लाथा मारत होती. आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारींपैकी ती एक होती, आणि आता तीच दुपार तिला नको झाली होती.

ती गोधडी तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंड दोरीनं तीनदा आवळलं आणि पिशवी माळ्यावर मागे सारली. मग ओल्या फडक्यानं पाळणा पुसला, मग ते फडकं कुठं टाकायचं ते कळेना म्हणून तेही दुसऱ्या पिशवीत. मग तिला प्रभाकरच्या उशा दिसल्या, तिच्या स्वतःच्या साड्या दिसल्या, भिंतीचे कोपरे, पपईच्या बुंध्याची माती दिसली. कुठवर आवळणार तोंडं? गेले आठ दिवस ती प्रभाकरचा खोकला मोजत होती. सकाळी दोनदा, दात घासताना. तो हसायचा. “अगं, ब्रश घशाला लागतो.” त्याच्या गालावर तो पट्टा तिला दिसायचा, चार वर्षांच्या पोराचा. एकदा न राहवून तिनं तिथं बोट फिरवलं. तो लाजला, म्हणाला, “काय गं, आज एकदम?”

“बालाची गोधरी कुटं गेली गो?” आवडाबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

“धुवायला टाकलीय.”

“ती धुयाची नाय. धुतली का पोट गोला होतं तिचं.” मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, “धू हवी तर.” दोघींनी एकमेकींना खोटं बोलू दिलं.

वकिलाकडे जायचं हेमलतानंच काढलं. प्रभाकरला ते पटत नव्हतं. “कोर्टाची पायरी चढून आई बरी होणारेय का? आणि बाबा काय म्हणतील? त्यांनी जन्मभर खाल्लंय कंपनीचं.” ती म्हणाली, “आईंनी पण खाल्लंय.” त्यावर तो म्हणाला, “भोईरकडे जा. आपल्यातलाच आहे. फुकट सल्ला देईल आणि चहा पण पाजेल.” सीताराम भोईर पूर्वी युनियनच्या ऑफिसात कारकून होते, नोकरी करता करता वकील झालेले, कल्याणच्या कोर्टामागे टायपिस्टांच्या ओळीत त्यांचं टेबल होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रसिकाच्या हातात रबरी शिक्का दिला आणि म्हणाले, “वहिनी, कडू बोलतो, चालेल ना? कामगाराला नुकसानभरपाईचा कायदा आहे. विमा योजना आहे. त्यात रोगांची यादी आहे आणि या धुळीचे रोग त्यात आहेत. गेल्या वर्षी दिल्लीहून निकालसुद्धा आला, कामगारांच्या तपासणीचे कागद चाळीस वर्षं जपून ठेवा म्हणून. पण सगळीकडे शब्द काय आहे? कामगार. म्हणजे हजेरीपटावर नाव असलेला. काकूंचं नाव आहे हजेरीपटावर?”

“नाही.”

“मग धूळ गेटच्या आत असली तर धूळ. गेटच्या बाहेर आली की घरचा केर.” ते स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले आणि लगेच ओशाळले. “एक रस्ता आहे. दिवाणी दावा. निष्काळजीपणाचा. कंपनीला माहीत होतं आणि तिनं कपडे धुवायची, आंघोळीची सोय केली नाही, म्हणून घरच्या माणसाला रोग झाला, असा. मी कोर्टात असं कोणी जिंकलेलं बघितलेलं नाही. हरलेलंही बघितलेलं नाही, कारण असं कोणी आलेलंच नाही. वर्षं जातील. काकूंना...” ते थांबले.

“काकू नसतील तेव्हा,” हेमलता म्हणाली. “मला ठाऊक आहे. मला हिच्याबद्दल विचारायचंय.” तिनं रसिकाकडे मानेनं दाखवलं. रसिका शिक्का चोखत होती.

भोईरांनी शाईचा पॅड रसिकापासून लांब सरकवला. मग म्हणाले, “हिला काही झालेलं नाही. न झालेल्या रोगाचा दावा होत नाही. देव करो आणि कधीच न होवो. पण समजा, चाळीस वर्षांनी... तेव्हा ती कुठं सांगणार, धूळ कुठनं आली? कंपनी असेल का, नसेल. सांगणारं माणूस कोण असेल? वहिनी, कागद असेल. काकूंचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. काय यायचं घरी, कसं यायचं, कोण झटकायचं, गोधडीत काय घातलंय. त्यांच्या तोंडचे शब्द. घरात राहिलेल्या सगळ्यांची नावं आणि वयं. तुम्ही शाईनं लिहून आणा, मी स्टॅम्पपेपरवर टाईप करून घेतो, मजकूर वाचून दाखवून अंगठा घेऊ. ती गोधडी आहे तशी बांधून ठेवा. कोर्ट कागद मानेल, न मानेल. पण नसलेला कागद कोणीच मानत नाही. आणि एक सांगतो. कंपनी म्हणणार, आमच्याकडे नळ होते, कामगारांनी आंघोळ करून जायला हवं होतं. तेव्हा त्या बाबतीत जे खरं असेल तेच लिहा. तिथं घोळ झाला तर कागद नसलेला बरा.”

म्हणजे एवढंच हवं होतं. आवडाबाई हसत हसत सांगायच्या ती गोष्ट, एकदा न हसता. हेमलताला वाटलं, सोपं आहे.

मंगळवारी दुपारी ती ओट्यावर बसली. मांडीवर पाट, पाटावर फुलस्केप, हातात कॉलेजातलं शाईचं पेन. आवडाबाई भिंतीला तक्क्या लावून बसल्या होत्या. आता त्यांना आडवं पडून श्वास पुरत नव्हता. रसिका त्यांच्या पायाशी रांगत होती. पलीकडे अंगणात सासरे पाठमोरे बसून जुना पाग दुरुस्त करत होते, खाडीत टाकायचं ते जाळं, शिशाच्या गोळ्यांचं. खाडीत आता मासा नव्हता, पण ते दर आठवड्याला त्याची भोकं शोधून काढायचे.

“कामावरून बाबा आले की कपड्यांचं काय व्हायचं, ते सांगा,” हेमलता हळू आवाजात म्हणाली.

आवडाबाईंनी अंगणाकडे बघितलं. मग मोठ्यानं, पाठ केल्यासारखं म्हणाल्या, “कंपनीत आंगोल करून यायचे. कपरं तितंच बदलायचे. घरी यायचे ते एकदम स्वच.”

पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथं शाईचा ठिपका फुटला. “आई, तुम्ही मला सांगितलं होतंत. गिरणीवाला. बर्फ.”

“त्या गमतीच्या गोष्टी. आता मी सांगते, ता लिव्ह.” मग आवाज अगदी खाली. “हेमे, मी जाईन. ह्ये मागे रातील. रोज भात खाताना त्यांना आठवल, मीच घरात रोग आनला म्हनून. मना ता नको. माज्या मरनाचा दोस त्यांच्यावर नको.”

“आणि रसिका?”

आवडाबाईंनी डोळे मिटले. मग श्वास ओढला. तो घेतानाचा आवाज, फाटक्या कापडासारखा. “बालाला काय होनार नाय,” त्या म्हणाल्या, पण ते सांगणं नव्हतं, मागणं होतं.

हेमलता कागदाकडे बघत राहिली आणि तेव्हा तो विचार आला. आला म्हणण्यापेक्षा, तिथं बसूनच होता तो, वकिलाच्या टेबलापासून. आवडाबाईंना वाचता येत नाही. त्या काहीही सांगोत. आपण खरं तेच लिहू शकतो. फाट् फाट्, दोन्ही हातांनी, तळहातानं गोळा करून, सगळं. वकिलासमोर वाचायची वेळ आली तर आपणच वाचू, त्यांनी सांगितलेलं वाचू. खाली अंगठा उठेल. कोणाचं नुकसान? रसिकाला चाळीस वर्षांनी खरा कागद मिळेल, सासऱ्यांना काही कळणार नाही, आणि आवडाबाई समाधानानं... तिनं एक ओळ लिहिलीसुद्धा. ‘माझे पती कामावरून येत तेव्हा त्यांच्या अंगावर’ एवढी. मग हात अडला. तिला कंपनीतल्या त्या पिशव्या आठवल्या. त्यांच्यावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं असायचं, आवडाबाईंनीच सांगितलं होतं. लाल अक्षरं होती, धुऊन धुऊन गेली. काय छापलं होतं? आत काय आहे, ते ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचलं आणि ज्याला येत नव्हतं त्याच्या घरी ते जाऊ दिलं. आणि आता आपण. दुसऱ्याच्या भल्यासाठीच का होईना, न वाचता येणाऱ्या बाईच्या अंगठ्याखाली आपल्याला हवं ते सरकवणार. गोधडीच्या पोटासारखं, दिसत नाही म्हणून तिथं काहीही चालतं. तिनं ती ओळ खोडली. शाई ओली होती, बोट निळं झालं. खाली तिनं लिहिलं, आवडाबाई म्हणाल्या तसंच, ‘ते कंपनीत आंघोळ करून, कपडे बदलून येत.’ आणि वाचून दाखवायला लागली, कारण वाचून दाखवायचंच असतं. तिचा आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

“खोर ते. खोटं हाय.”

सासरे पाठमोरेच होते. हातातली सुई तशीच जाळ्यात.

“अवो, तुमचं काय मधीच?” आवडाबाई म्हणाल्या. “पाग शिवा तुमचा.”

“हिला वाचता येत नाय. मला ऐकू येतं.” गोपीनाथ उठले, आले आणि ओट्याच्या पायरीवर बसले. उन्हाच्या पट्टीत त्यांचे पांढरे केस पेटल्यासारखे दिसत होते. “चार नल होते, सूनबाई. दोनशे मानसं पाळीला. बस पंधरा मिनटात सुटायची. पन ते लिहू नको. म्हंजे लिही, पन तेच खरं कारन नाय. मी ठरवलं असतं तर हातपाय, तोंड तरी धुतलं असतं. माज्याच खात्यातला धाकू पाटील धुवायचा. मी नाय. फाट्यापासून घरापर्यंत गावातनं चालत यायचं असायचं. माजा बाप मिठागरात गेला. आजा मिठागरात. मीठ लागलेला मानूस गावात सगलेच. माज्या अंगावर कंपनीचं होतं. लोक ओट्यावरनं बघायचे, मडव्यांचा गोपी कंपनीतनं आला. मला बरं वाटायचं. म्हनून नाय धुतलं. ते लिही.”

रसिका पायरीकडे रांगत गेली आणि आजोबांच्या गुडघ्याला धरून उभी राहायला लागली. त्यांनी हात पुढे केला नाही. दोन्ही हात स्वतःच्या पोटाशी धरून बसले, जणू अजून त्यांना काही लागलेलं होतं.

“तुमाला कोनी सांगितलं?” आवडाबाईंनी विचारलं.

“माल्यावर पिशवी बघितली. गोधरी तीन गाठी मारून कोन ठेवतं?” मग हेमलताकडे बघून, “दर साल आमचा फोटो काढायचे छातीचा. दाखवला कदीच नाय. धाकू छातीनंच गेला तवा समजलं मला. समजलं, आन गप बसलो. दोन वर्सं झाली.”

“दोन वर्सं!” आवडाबाईंचा आवाज चढला आणि त्यांना खोकला आला. हेमलता पाणी आणायला उठली, त्यांनी हातानंच तिला खाली बसवलं. खोकला थांबल्यावर त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग होता आणि दुसरंही काही होतं, इतकं जुनं की हेमलतानं नजर वळवली. “मी ह्यांच्यापासून लपवते, ह्ये माज्यापासून. आन मधी ही बिचारी पेन धरून बसलीय.” त्यांना हसू आलं. अर्धंच आलं, पुढं श्वास नव्हता. मग त्यांनी रसिकाला उचलून देण्याची खूण केली, गोपीनाथांनी अखेर तिला उचललं आणि बायकोच्या मांडीवर ठेवलं.

“लिव्ह,” आवडाबाई म्हणाल्या. “मी झटकायची. ह्या हितंच, ओट्याच्या कडंला उभी रावून. दोनी हातांनी. वारा असला तर आमच्याच तोंडावर यायचा. मग बसून हातानं गोला करायची.” त्यांचा उजवा तळहात फरशीवर फिरला, बाहेरून आत, बाहेरून आत, जिथं आता काहीच नव्हतं. “झारू नाय लावला कदी. ता पन लिव्ह. कोनी इचारलं का नाय लावला, तर सांग, कामाचं व्हतं म्हनून.”

हेमलता लिहीत गेली. नळ किती, बस कधी, पिशव्या कोणत्या, गोधडी कोणत्या महिन्यात शिवली. तिचं अक्षर हळूहळू जर्नलसारखं झालं, सरळ, वाचता येण्याजोगं. न पाहिलेल्या कोणासाठी लिहितो तसं. प्रत्येक परिच्छेद तिनं वाचून दाखवला आणि दोघांनी माना हलवल्या. एकदा गोपीनाथांनी दुरुस्ती केली, ‘वीस नाही, बावीस वर्षं.’ शेवटी नावं आली. आवडाबाई गोपीनाथ मढवी, वय साठ. प्रभाकर गोपीनाथ मढवी, वय तेहतीस. हेमलता प्रभाकर मढवी, वय सव्वीस. इथं तिला जाळीची टिकली आठवली, आणि ती कंसात लिहावी का, असंही क्षणभर वाटलं. मग पुढचा अनुक्रमांक टाकला आणि हात थांबला. एकदा लिहिलं की ते खरं होईल, असं काहीतरी. नजर लागते म्हणून नाव सांगू नये, वय सांगू नये. आणि हे तर नाव, वय आणि कारण तिन्ही. मांडीवर बसलेली रसिका आजीच्या पदराचं टोक तोंडात घालत होती. आवडाबाईंनी ते हळूच काढून घेतलं.

“लिव्ह,” त्या म्हणाल्या. “तिची गोधरी मीच शिवली ना.”

रसिका प्रभाकर मढवी. वय अकरा महिने. हेमलतानं पूर्ण नाव लिहिलं, वेलांटी-काना नीट काढून. मग शाई लवकर वाळावी म्हणून दोन्ही हातांनी कागद उचलला आणि सवयीनं झटकणार, तोच आवडाबाईंचा हात तिच्या मनगटावर आला.

“झटकू नको गो. असू दे तसाच. सुकल आपोआप.”

तिनं कागद पाटावर ठेवला. तिघंही त्याच्याकडे बघत बसली. उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत पाटापर्यंत आली, शेवटच्या नावावर शाई जराशी चमकत होती, आणि ती वाळेपर्यंत कोणीच हललं नाही.